टॉवेलाखालचा भाव

निदाच्या अब्बांचा स्वभाव असा, की चहात साखर किती घालायची हेसुद्धा ते मला हळूच कानात सांगतात. सगळा जन्म हापूस विकण्यात गेला आणि हापूसचा भाव ठरायचा टॉवेलाखाली. वाशीचा दलाल भिकाजीशेठ टॉवेल पसरणार, दोघांचे हात आत जाणार, बोटं दाबून भाव सांगायचा आणि मान हलवून नाकारायचा. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. पहिल्या भावाला हो म्हणणं म्हणजे बेअब्रू. हे दरवर्षी चारदा नाही म्हणून ताठ मानेनं घरी यायचे, आणि आंबा जायचा भिकाजीशेठच्याच भावाने. वर तो एक पेटी 'चवीला' म्हणून फुकट ठेवून घ्यायचा. मला संताप यायचा.

२००३ साली आमची निदा रत्नागिरीत कॉम्प्युटर शिकली आणि म्हणाली, "अब्बा, वेबसाइट काढू. गिऱ्हाइकाला थेट पेट्या पाठवू." यांनी एका हंगामाची मुदत दिली. जमलं नाही तर आंबा पुन्हा भिकाजीशेठकडे.

आता वेबसाइट कसली, यावर घरात जुंपली. दुबईहून पुतण्या अक्रमचा फोन, "चाची, उडते आंबे आणि गाणं पाहिजेच." तसला एक नमुना बघितला, तो उघडेपर्यंत कैरी पिकली असती. निदाला साधं दुकान हवं होतं. पेटीचा फोटो, खाली भाव, ऑर्डरचं बटण.

"भाव उघड्यावर? मी काय एसटीचं कँटीन हाय, पाटी लावायला?" हे भडकले.

"मग टॉवेलाचा फोटो लाव गो निदा," मी वैतागून म्हटलं. "तो दाबला की गिऱ्हाइकानं आपला भाव लिहायचा."

यांना ते मनापासून पटलं. निदाने कपाळाला हात लावला आणि टॉवेल चढवला.

गंमत म्हणजे लोकांनी भाव लिहिले, आणि चांगले लिहिले. पुण्याच्या एका बाईंनी तर भिकाजीशेठच्या दुप्पट. हे गालात हसले. "नाय म्हण." सगळ्यांनाच नाय! टॉवेलाखालचा माणूस पुन्हा बोट दाबतो, ही माणसं नकार वाचून दुसरीकडे गेली. झाडावर आंबा तयार आणि ऑर्डर एकही नाही. निदा मोरीत जाऊन रडली. मलाही रडू आलं, पण रागाने.

एकच गिऱ्हाईक टिकलं, ठाण्याच्या कुणी राहीताई. दर नकाराला त्या थोडं वाढवायच्या आणि शेवटी लिहायच्या, 'वर एक पेटी चवीला.' निदाने ते वाचून दाखवलं आणि मी ओरडलेच, "अहो, चवीला पेटी मागणारा जगात एकच माणूस हाय!"

हे असे खुलले, की लग्नातही खुलले नव्हते. भिकाजीशेठ आमचा तळाचा भाव काढायला आला होता, पण सवय त्यालाही सुटेना. 'नाही' हा शब्द ऐकला की तो वाढवायचाच. "नाय म्हण. अजून नाय म्हण," करत यांनी त्याला वर चढवला. तो थांबला, तसे हे म्हणाले, "टॉवेल उतरव. हाच भाव लाव, मोठ्या अक्षरात. आणि ज्यांना नाय म्हटलं त्या सगळ्यांना कळव."

पुण्याच्या बाईंची ऑर्डर पहिली आली. त्यांना तर हा भाव स्वस्तच वाटला.

संध्याकाळी वाशीहून फोन. "अलीभाय, भाव उघड्यावर लावलात? शोभतं काय?"

हे खुर्चीत आरामात रेलले.

"तुम्हीच तर ठरवलात, राहीताई. आणि चवीची पेटी हवी असेल, तर बटण दाबा."