अंगावरचा बाण

अण्णा घराबाहेर पडले तेव्हा भालदार थंडीत फोनची बॅटरी किती टिकते यावर भांडत होता.

भांडण काही त्या दिवसाचं नव्हतं. एका कंपनीच्या फोनवर मागच्या बाजूला बाण असतो, दुसरीच्या फोनवर वर्तुळ. बाण महाग, वर्तुळ स्वस्त. एवढ्या भांडवलावर एका ग्रुपवरची अकरा हजार माणसं सहा वर्षं एकमेकांची अक्कल काढत होती. बाणाची बाजू जीव तोडून लढवतो म्हणून याला भालदार हे नाव पडलं होतं. त्या कंपनीने त्याला कधी साधं पेनसुद्धा पाठवलं नव्हतं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा आणि तिथे त्याचं मत कुणी विचारत नसे. ग्रुपवर मात्र त्याने तोंड उघडलं की शंभरजण सरसावून बसत. काही माणसांना एवढं पुरतं.

समोरच्या फळीत कात्री होता. बाणाच्या प्रत्येक जाहिरातीची तो थंड डोक्याने, आकडे देऊन चिरफाड करायचा आणि शेवटी एक हसरा चेहरा टाकायचा. त्या हसऱ्या चेहऱ्याने भालदाराच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी भालदाराला सुट्टी होती. अकराच्या सुमाराला त्याचे वडील, अण्णा, कोट घालून त्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"पाळीची वेळ झाली. निघू का मी?"

अण्णा जिथे कामाला होते तो रेडिओचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती, पण गेल्या दोन वर्षांत अण्णांच्या डोक्यातली वर्षं सगळी एकमेकांत मिसळून गेली होती. एरवी भालदार म्हणायचा, "आज सुट्टी आहे, अण्णा," की ते निमूट कोट काढून ठेवायचे. एवढंच करायचं असे. पण नेमका त्याच क्षणी कात्रीचा हसरा चेहरा येऊन पडला होता. भालदाराने मान वर न करता "हो, हो" म्हटलं आणि उत्तर पुरं केलं. उत्तर झकास जमलं होतं. त्याला चाळीस लोकांनी दाद दिली.

पाऊण वाजता पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा त्याला जाणवलं, की घरात फार शांतता आहे.

पहिली पाच मिनिटं तो घाबरलाही नाही. अण्णांच्या कोटाच्या अस्तरात टॅग होता, बटणापेक्षा थोडा मोठा, बाणाचाच. हरवलेली वस्तू कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवायचं हे त्याचं काम. भालदाराने फोन उघडला. ठिपका बसथांब्यावर होता आणि खाली लिहिलं होतं, शेवटचं दिसलं अकरा बावीसला. त्यानंतर काही नाही.

मग मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण हा टॅग कसा चालतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. टॅगला स्वतःला काही कळवता येत नाही. जवळून त्याच कंपनीचा फोन गेला, तर तो फोन परस्पर कळवतो. वर्तुळवाले फोन गल्लोगल्ली आहेत. बाणवाले मोजक्या वस्त्यांत. कात्रीने हेच मांडलं होतं तेव्हा भालदाराने ठणकावून लिहिलं होतं, की आमचं जाळं विरळ असेल, पण दर्जेदार आहे. अण्णा आता त्या दर्जेदार जाळ्याच्या एका भोकातून पडले होते.

आणि हेही खरं, की महिन्यापूर्वीपर्यंत त्या कोटात वर्तुळाचाच टॅग होता. तो ताईने शिवला होता. ताई मोठी बहीण, दुसऱ्या गावी राहायची. अण्णांना माझ्याकडे पाठव म्हणून ती वर्षभर मागे लागली होती आणि भालदार म्हणत होता, मी आहे ना. शेवटी तिने जाताना अस्तर उसवून टॅग आत घातला, बारीक टाके घातले आणि म्हणाली, "माझ्या फोनवर अण्णा दिसत राहिले की मला झोप लागेल." पुढे भालदाराने ग्रुपवर आपल्या नव्या कॅमेऱ्याची करामत दाखवायला अण्णांचा फोटो टाकला. फोटो इतका स्वच्छ, की कोटाचा काठ उलटला होता तिथे अस्तराखाली वर्तुळाचा उंचवटा दिसला. कात्रीने फोटो मोठा करून परत टाकला. खाली लिहिलं, "भालदाराच्या घरात वर्तुळ." ग्रुप दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी भालदाराने ब्लेडने ताईचे टाके कापले, वर्तुळ टेबलाच्या खणात टाकलं आणि बाण शिवला. ताईला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

तो बसथांब्यावर धावत गेला. थांब्याजवळच्या वर्तमानपत्रवाल्याने मान हलवली; म्हातारी माणसं तर दिवसभर जात-येत असतात. थांब्यावरून चार बस सुटत होत्या, चार दिशांना. वारा बोचत होता. पोलीस चौकीवरच्या बाईंनी वर्णन लिहून घेतलं आणि विचारलं, "टॅग आहे म्हणताय ना? मग दाखवेल की तो." भालदाराला त्यांना सगळं समजावून सांगायचं होतं, पण तो नुसता "हो" म्हणून बाहेर आला.

तीन वाजता त्याने ग्रुपवर लिहिलं. अण्णांचा फोटो, वय, राखाडी कोट, बसथांबा, स्वतःचा नंबर. "ज्यांच्याकडे बाण आहे त्यांनी कृपा करून शहराच्या टोकाच्या वस्त्यांतून एक फेरी मारावी. फोन नुसता खिशात असला तरी चालेल. माझे वडील आहेत. हात जोडतो."

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. "चला, दुसरा भाग आला."

त्याला आधी अर्थच लागेना. मग लागला. गेल्या वर्षी त्यानेच लिहिलं होतं, की शेजारचे एक आजोबा हरवले, खिशात वर्तुळाचा टॅग होता आणि त्याने दगा दिला. नऊशे लोक हळहळले होते. कात्रीने फक्त विचारलं होतं, कुठली चौकी, कुठली तारीख. शेवटी भालदाराने "गंमत केली हो, एवढं काय" म्हणून विषय उडवून लावला होता. आता कुणीतरी ती जुनी पोस्ट आणि ही नवी शेजारी शेजारी लावून टाकली.

"या वेळी आजोबांचं प्रमोशन झालं, वडील झाले."

"कोट तोच आहे का?"

परके हसले त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण त्याची स्वतःची माणसं, त्याच्या एकेका वाक्याला माना डोलावणारी ती शंभरजणं, त्यातल्या एकाने लिहिलं, "दादा, यात आपल्याच टॅगची बदनामी होतेय. काढून टाका." दुसऱ्याने लिहिलं, याचं खातं कुणीतरी चोरलेलं दिसतंय. भालदार प्रत्येकाला उत्तर देत राहिला. खरं आहे. देवाशपथ खरं आहे. शपथ घेतली तसा ग्रुप आणखीच हसला.

साडेतीनला ताईचा फोन आला. पोस्ट कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवली होती.

"अरे, हा काय चावटपणा लावलायस?" ती म्हणाली. "अण्णांचा फोटो टाकून? माझ्या काळजाचा ठोका चुकला. मग फोनवर बघितलं तर अण्णा घरात. हा काय ठिपका. दे त्यांना फोन, बोलते मी."

भालदार थांब्यावरच्या बाकावर बसला.

"ताई, तो टॅग खणात आहे."

"कसल्या खणात?"

"टेबलाच्या. मी काढला होता तो. अण्णा घरात नाहीत. अकरापासून नाहीत."

मग ताईने इतक्या हळू विचारलं, की त्याला फोन कानाशी दाबावा लागला. "आणि तू कुठे होतास?"

"आंघोळीला गेलो होतो," भालदार म्हणाला. "बाहेर आलो तर दार उघडं. मला काही न सांगताच गेले ते."

"निघते मी," ताई म्हणाली.

खोटं बोलायची त्याला गरज नव्हती. तोंडातून निघून गेलं आणि आता ते परत घेता येत नव्हतं. महिनाभर ती रोज रात्री एका टेबलाच्या खणाकडे बघून निर्धास्त झोपली होती, हे मनात आलं आणि त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

चारला अनोळखी नंबर वाजला.

"मी कात्री. खोटं असेल तर आत्ता सांगा. मी चिडणार नाही, घरी जाईन."

"खरं आहे," भालदार म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. मोठा माणूस भर रस्त्यात रडतो तेव्हा लोक वळून बघतात. बघू देत.

कात्रीने त्याचं रडणं ओसरू दिलं. मग विचारलं, "अंगावर टॅग बाणाचाच ना?"

"हो."

भालदार टोमण्याची वाट बघत होता. टोमणा आला नाही.

"माझ्याकडे बाणाचा फोन आहे," कात्री म्हणाला. "तीन वर्षं झाली. एखाद्या वस्तूला रोज नावं ठेवायची, तर ती खिशात नको का? स्कूटर आहे माझी. कुठल्या दिशेला जाऊ? जाताना काही बोलले का ते?"

"नाही. मी आंघोळीला—" भालदार म्हणाला आणि गप्प झाला. आणखी एकदा तेच सांगितलं, तर हा माणूस चारही दिशांना भटकेल आणि दोन तासांत उजेड जाईल. "बोलले. पाळीला निघू का विचारलं. मी बघितलंसुद्धा नाही त्यांच्याकडे, हो म्हणालो. तुम्हालाच उत्तर लिहीत होतो."

सहा वर्षांत त्याने कात्रीला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

"कारखाना कुठला?" कात्रीने एवढंच विचारलं.

"रेडिओचा. नदीपलीकडे. पण तो बंद आहे, बसही जात नाही तिथे. दोन ठिकाणी बदलून, वर तासभर चालावं लागतं. त्यांना जमणार नाही."

"मी निघालो. तुम्हीही या."

भालदाराने टॅक्सी केली. मांडीवर फोन उघडा ठेवून तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला. अकरा बावीस. पूल आला, गेला. अकरा बावीस. अण्णांच्या अंगात जेमतेम स्वेटर आणि कोट, पोटात सकाळचा चहा, वय अठ्ठ्याहत्तर. उन्हं उतरली होती आणि बाहेर माणसं कॉलर वर करून चालत होती. पाच पस्तीसला ठिपका हलला. नदीपलीकडच्या रिकाम्या पट्ट्यात जाऊन थांबला. आत्ताच दिसलं, असं खाली लिहून आलं. भालदार इतक्या मोठ्याने ओरडला, की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

कारखान्याच्या फाटकाशी एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उभा होता. हाच कात्री. त्याच्या हातात अण्णांचा कोट होता. नुसता कोट.

"फाटकाच्या खिळ्याला टांगलेला होता," तो म्हणाला. "आसपास हाका मारल्या. कुणी नाही."

भालदाराने कोट घेतला. तो गार पडला होता. अस्तरात बोटांना तो टॅग लागला, व्यवस्थित चालणारा, दर्जेदार, आणि त्याला तो दाताने तोडून नदीत फेकावासा वाटला. खिशात फोन एकसारखा थरथरत होता. ग्रुपवर अजून आजोबांचे विनोद चालू होते. त्याने फोन बाहेर काढला तर ताईचा कॉल होता; त्याने तो घेतला. "पोचलास का? सापडले का?" ती विचारत होती. त्याने स्पीकर लावून फोन तसाच हातात धरला.

मग कोटाकडे बघता बघता त्याला आठवलं. लहानपणी डबा द्यायला तो इथे यायचा. कोट फाटकाशी टांगायचा आणि मगच आत जायचं, असा कारखान्याचा नियम होता. कोटाच्या खिशातून सुटे भाग पळवतात म्हणून. अण्णांची जागा तिसऱ्या शेडमध्ये होती, खिडकीखाली.

दोघं पळाले. तिसऱ्या शेडचं छप्पर अर्धं गेलं होतं. खिडकीखाली एका उपड्या खोक्यावर अण्णा बसले होते. ओठ निळे पडले होते, सगळं अंग कापत होतं आणि बोटं मात्र हवेत हळूहळू तारा जोडत होती. भालदाराने गुडघे टेकून त्यांना कोट घातला. घाईत बाही सापडेना. अण्णांनी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. कात्रीने आपलं जाकीट काढून त्यांच्या गुडघ्यांवर घातलं, अँब्युलन्सला फोन केला आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळू लागला.

"काका, एवढ्या लांब आलात," तो त्यांना बोलतं ठेवायला म्हणाला. "घरी न सांगता आलात होय?"

अण्णांना ते लागलं. दात वाजत होते तरी त्यांनी मान ताठ केली.

"न सांगता कसा येईन? घरी मुलगा आहे माझा. त्याला विचारून निघालो. तो हो म्हणाला."

"अण्णांचा आवाज ना तो?" फोनमधून ताई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "आहेत ना ते? काय म्हणतायत रे? नीट ऐकू नाही आलं. सांग ना."

कात्रीने एकदा भालदाराकडे बघितलं आणि मग तो खाली मान घालून अण्णांचे हात चोळत राहिला. भालदाराने फोन तोंडाजवळ आणला.

"म्हणतायत," तो म्हणाला, "मुलाला विचारून निघालो. तो हो म्हणाला."

ताईने फोन ठेवला नाही.