पाठीमागची कडी

"आजोबा, कडी लावू का?" मुक्ताने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना! स्नानाला निघालेल्याच्या पाठीमागे दार लावत नसतात," नीलकंठशास्त्री खेकसले.

बालाजी घाटाजवळच्या त्या मराठी घरात चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं. रोज पहाटे चारला शास्त्री गंगेवर जायचे आणि परतेपर्यंत दार नुसतं लोटलेलं असायचं. १९९४ सालच्या कार्तिकातही त्यात बदल होण्याचं काही चिन्ह नव्हतं. शास्त्रींचं घर लहान होतं, हट्ट मोठा.

मुक्ता त्यांच्या लेकीची लेक, सोळा वर्षांची. आई गेल्यावर बाप रात्री-बेरात्री पिऊन यायचा आणि झोपलेल्या पोरीला केस धरून उठवायचा. श्रावणात शास्त्रींनी तिला इथे आणलं. तिला जेवण मिळालं, शाळा मिळाली. झोप तेवढी मिळाली नाही. दाराजवळच्या अंथरुणावर ती रात्रभर बसून राही आणि वर्गात बाकावर डोकं टेकवी. कालच मोठ्या बाईंनी बजावलं होतं, आणखी एकदा झोपली तर बोर्डाचा फॉर्म भरणार नाही.

"मामंजी," देवापाशी दिवा लावणारी सून शरदिनी पुढे आली, "तिला नींद येत नाही ती या दारापायी. एकदा विचारा तर तिला!"

शास्त्रींनी विचारलं.

मुक्ता खाली बघत म्हणाली, "दार खुलं असलं की वाटतं, पापा आले. रात्रभर चार वाजायचीच धास्ती."

शास्त्रींना फार लाज वाटली. तीन महिने ते या पोरीला आळशी म्हणत आले होते. तांब्या उचलून ते उंबऱ्याबाहेर गेले आणि म्हणाले, "लाव कडी. आणि उघडायची तीही तूच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

परतले तेव्हा उजाडत होतं. वरच्या खिडकीतून शरदिनीने खुणेनेच विचारलं, झोपलीय, उघडू का? त्या कडीची करकर अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. शास्त्रींनी जोरजोरात नकाराची मान हलवली आणि ओल्या धोतरानिशी पायरीवर बसले. आठला यजमानाकडे पूजा सांगायची होती; सोवळं आत, पोथी आत. सात वाजले, साडेसात वाजले. त्यांचे दात वाजू लागले.

गल्लीच्या तोंडापासूनच यजमान गोपीनाथ ओरडत आला, "पंडितजी! मुहूर्त निकला जा रहा है!"

शास्त्री धडपडत उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी यजमानापुढे हात जोडले.

"धीरे बोलो, भैया. आज किसी और को ले जाओ. बिटिया सोई है."