नाताळचं सोयर

नाताळचा आनंद असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आनंद करा, आनंद करा! कवा करू? भांडी घासायच्या आधी का नंतर?

आमचे मालक उत्तमराव कुरुंद्याच्या मिशनच्या शाळंत मास्तर होते, आन ऐतवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचे. निजामाच्या राज्यातली गोष्ट. गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, पण नाताळाला पाव्हणे आख्ख्या मुलखातून. मिशनचे साहेब, साहेबांचा खानसामा, खानसाम्याची सासू. सगळ्यांच्या करंज्या मी तळायच्या, भिंती मी सारवायच्या, देवदूतांचे पंख मीच शिवायचे. मास्तर खाटेवर बसून प्रवचन लिहायचे आन वर मलाच विचारायचे, "रुख्मिणी, आनंदाला दुसरा एखादा शब्द सांग की."

"झोप," मी म्हणाले.

त्या साली मी ठरवलंच होतं. नाताळचं नाटक झालं की गोरेगावला माहेरी जायचं आन परत यायचंच न्हाई. गाडीवान किसनसिंगला छकडा जुंपून ठेवायला सांगितलं होतं. साड्यांचं बोचकं बांधून शाळेच्या दारामागं ठेवलं होतं. मास्तरांना पत्ता नव्हता. खरं सांगते, देवावरच रुसले होते मी. प्रार्थनेला डोळे मिटले की डुलकी लागायची, आन उघडले की चूल दिसायची. देव येतो म्हणतात, पण तो पाव्हण्यांकडं येतो, रांधणारीकडं त्याचं काय काम, असं वाटून राहिलं होतं.

त्यात नाटकात मरियेचं, येशूच्या आईचं, काम करणारी शेजारच्या पेमाची पोरगी हिवतापानं पडली. मास्तर म्हणाले, "तूच बस. मरियेला बोलायचं न्हाई, नुसतं बसायचंय."

नुसतं बसायचं! मी लगेच व्हय म्हणाले. चाळिशी गाठलेली मरिया कुणी बघितली नसंल, पण बसायला मिळत असंल तर मी त्या पोरं मारणाऱ्या हेरोद राजाचंसुद्धा काम केलं असतं.

दुपारी शाळेपुढच्या लिंबाखाली नाटक सुरू झालं. सारा गाव लोटला. म्होरं पाटलाची आई द्वारकाबाई. नातवंडांनी घर भरलेली, जिभेला हाड नसलेली बाई. एरवी आमच्या घरचं पाणी तिला चालत न्हाई. तिच्या नातवाच्या बारशाला मी गेले होते तर म्हणाली, "मास्तरीणबाई, जरा लांबच बसा." मला लेकरू न्हाई ना. माझी सावली पाळण्यावर पडू नये म्हणून. ते मी विसरले नव्हते.

तर मी जमिनीवर बसले. मांडीवर जुन्या लुगड्यात कापूस भरून मीच शिवलेलं बाळ. मेंढपाळ आले, पाया पडले. मग राजे आले. पहिल्याच्या हातात सोनं, म्हंजी आमच्या कुरुंद्याच्या हळदीचं ताट. दुसऱ्याच्या हातात ऊद. तिसरा राजा म्हंजी वेशीबाहेरच्या वस्तीतला दगडोबा. त्याच्या हातात गंधरस, म्हंजी वाण्याकडून आणलेला हिराबोळ.

तेवढ्यात द्वारकाबाई उठली.

"बस करा! काही लाजलज्जा? आत्ता बाळंत झालेली बाई, आन अशी वाऱ्यावर उघडी बसवली? खाली घोंगडं न्हाई, डोक्याला फडकं न्हाई!"

मास्तर धावले. "द्वारकाबाई, हे नाटक आहे."

"नाटकात थंडी वाजत न्हाई का? हे बघा, पोरीचे हात बर्फ झालेत!" तिनं माझे हात धरले. सगळ्यांसमोर धरले. मागून कुणीतरी म्हणालं, आवो, शिवाशिव! तर ही म्हणते, "बाळंतिणीला शिवलं की आंघोळ करावीच लागते. त्याच आंघोळीत तोही विटाळ जाईल. एका पाण्यात दोन कामं!"

यावर गावातल्या शहाण्यांनी बोटावर हिशेब केला आन माना डोलावल्या.

मग जे झालं ते झालं. द्वारकाबाईनं आपल्या डोक्याचं फडकं सोडून माझे कान बांधले. राजांना हाकललं, "बाळंतिणीपाशी परक्या गड्यांचं काय काम? सामान ठेवा आन निघा!" मरियेचा नवरा झालेला योसेफ म्हणाला, मी तरी थांबतो. त्यालाही हाकललं. बायांनी मला उचलून शाळंत नेलं, बाजेवर निजवलं, बाजेखाली शेगडी सारली. राजांच्या ताटांकडं बघून द्वारकाबाई पहिल्यांदा खूश झाली. हळद दुधात गेली. उदाची धुरी झाली. हिराबोळ तिनं हुंगला आन म्हणाली, "हे आणणारा एकटाच शहाणा. बाळंतिणीला हाच तर लागतो! हा राजा कुण्या चांगल्या घरचा दिसतो." दारात दगडोबा लाजून लालेलाल झाला.

"आता दहा दिवस सोयर," तिनं बाहेर जाहीर केलं. "घरात जन्म झालाय. ही चुलीला शिवणार न्हाई."

साहेब चाचरत म्हणाले, "पण जेवण?"

"तुमाला बी सोयर हाय, साहेब. तुमच्याच देवाचा जन्म ना? पण सोयर भांडी घासायच्या आड येत न्हाई. राख तिकडं हाय."

मी उठायला बघितलं तर तिनं दाबून निजवलं. "मावशी," मी म्हणाले, "मला काही झालं न्हाई वो. लेकरू कापसाचं हाय."

"ते मला दिसतंय," ती म्हणाली. मग माझ्या कानावरचं फडकं नीट केलं. "पर तू थकलीस ते खोटं हाय का?"

मला रडूच आलं. ती नारळ घेऊन आली आन माझी ओटी भरली. वीस वर्षं झाली लग्नाला, कुणी असली ओटी भरली नव्हती. भरताना पुटपुटली, "त्या बारशाच्या दिशी मी चुकले गं. मनात ठेवू नको."

झोळी बांधायला कापड पायजे म्हणून तिनं इकडंतिकडं बघितलं, दारामागचं माझं बोचकं ओढलं, सोडलं, आन माझ्या साड्यांची झोळी आढ्याला टांगली. मी बघतच राहिले. झोळीत कापसाचं बाळ. झुलवत ती दटावून म्हणाली, "लेकराला उपाशी ठेवू नको बरं का." आन बायका हसल्या, मी हसले, हसता हसता पोट दुखायला लागलं. किती दिसांनी हसले होते म्हणता!

बाया गेल्या. बाहेर भांड्यांचा खणखणाट चालला होता, साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. शेगडीची ऊब पाठीला लागली. डोळे मिटले तर चूल दिसली न्हाई. मी म्हणाले, देवा, आलास व्हय. मला वाटलं, माझ्याकडं यायचा तुला रस्ताच ठाव न्हाई. डुलकी लागली तीही गोड लागली.

जाग आली तर मास्तर उशाशी बसलेले, कोपरापर्यंत हात राखेनं काळे. झोळीकडं टक लावून बघत होते. माझी एकूण एक साडी त्यांना ओळखू येते.

"बाहेर किसनसिंग छकडा जुंपून उभा हाय," ते हळूच म्हणाले. "विचारतो, बाई येणार का?" "कुठं निघाली होतीस, रुख्मिणी?"

"माहेरी."

"कायमची?"

"व्हय."

त्यांनी मान खाली घातली. हाताची राख धोतराला पुसत राहिले. मी हात लांब करून झोळीला झोका दिला.

"सांगा त्याला, बैल सोड," मी म्हणाले. "आता कशी जाणार? ओली बाळंतीण हाय मी."