कॉफी आसिमिनाची

"पैसे आत ठेवा!" लाझारोस ओरडला. "आज या दुकानात कुणाचा छदाम चालणार नाही!"

रांगेतल्या पहिल्या बाईनं पुढे केलेली नोट तशीच हवेत राहिली. तिच्या मागची रांग बंदराच्या रस्त्याला जाऊन भिडली होती.

"काका, वेड लागलंय का?" दाफ्नी म्हणाली. गर्दी जमवणाऱ्या पोरापोरींची ती पुढारी. "ही सगळी माणसं पैसे द्यायलाच आलीत!"

"माझ्या नावाचा दिवस आहे आज. संत लाझारोसचा शनिवार. आज मी सगळ्यांना खिलवायचं. पैसे घेतले तर माझा बाप थडग्यातून उठून येईल."

"मग हीच तारीख कशाला दिलीत?"

"तू विचारलंस फेब्रुवारीत! ईस्टर दरवर्षी हलतो, त्याच्यामागे माझा संतही हलतो. तू म्हणालीस एप्रिलातला शनिवार, मी म्हणालो हो. संत कुठे बसलाय ते कोण बघतं?"

— घर्र्र्र्र —

हा फ्रीज. तो असा मध्येच बोलतो.

खरं तर सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. कपाटाएवढा हा फ्रीज इतकी वीज खायचा, की दुकान पुढचा हिवाळा काढेल का याची आमच्या गल्लीला शंका होती. दाफ्नीच्या मंडळींची रीत साधी. बहिष्कार नाही, घोषणा नाहीत. एक दिवस ठरवायचा आणि शहरभरच्या माणसांनी एकाच दुकानात खर्च करायचा. बदल्यात दुकानदारानं त्या दिवसाच्या गल्ल्यातून वीज वाचवणारी यंत्रं घ्यायची. जो जास्त वाटा देईल, गर्दी त्याची. समोरचा कॉफीवाला लुकास म्हणाला होता, पाव हिस्सा. लाझारोस त्याच्या दारात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सगळा!"

आता सगळा म्हणजे शून्य.

"लाझारोस!" लुकास पलीकडून ओरडला. "जमत नसेल तर पाठव इकडे! मी घेतो पैसे, मला नाही लाज वाटत!"

"तुला कधी वाटली होती?"

— घर्र्र्र्र —

लाझारोसची बायको आसिमिना स्वयंपाकघरात होती. लग्न झाल्यापासून ती तिथेच होती. पहाटे उठून तिनं या शनिवारचे पाव भाजले होते: संत लाझारोस मेल्यावर थडग्यातून उठला म्हणून कफनात गुंडाळलेल्या माणसाच्या आकाराचे, छातीवर हात दुमडलेले, डोळ्यांच्या जागी लवंगा. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं आणि कॉफीचं लांब दांड्याचं भांडं हातात घेऊनच बाहेर आली.

"दिवस कुणाचा?" तिनं विचारलं.

"माझा."

"मग तू खिलव. हे ताट घे, दारात उभा राहा आणि पाव वाट. कॉफी कोण करतं?"

लाझारोसनं ताट उचललं.

"आयुष्यात एक कप केलायस?"

"एकदा केला होता."

"उतू गेला होता. कॉफी माझी आहे. आणि माझ्या नावाचा संत कुणी नाही, मला दरवर्षी सगळ्या संतांच्या दिवसात ढकलतात. आज माझा कसलाच दिवस नाही." ती रांगेकडे वळली. "कॉफीचे पैसे आत, माझ्याकडे."

रांग वळली. गल्ल्यासमोरून, खुर्च्यांमधून, फ्रीजला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. साखरेच्या डब्याच्या झाकणात नाणी पडू लागली, झाकण भरलं, मग पातेलं आलं. लाझारोस दारात पाव वाटत होता आणि "खूप वर्षं जग" ऐकून घेत होता.

बंदरावर उभा जन्म काढलेला स्ताथिस रोज याच दुकानात बसायचा. तो आत आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, म्हणजे ही कॉफी तुम्ही करता? मला वाटायचं आत मशीन आहे."

"मशीनला निदान तेल घालतात, स्ताथिस. गोड की मध्यम?"

एका मुलीनं पैसे देता देता तिलाच शुभेच्छा दिल्या. आसिमिना म्हणाली, "अगं, माझा दिवस नाही." मुलगी म्हणाली, "असू दे." पुढचे दोन कप आसिमिनानं साखर न विचारताच केले.

दिवे लागले तेव्हा लुकास आला. एक मध्यम प्याला, पैसे पातेल्यात टाकले, जाताना दारातल्या ताटातला पाव उचलला.

"खूप वर्षं जग, चोरा," तो म्हणाला.

— घर्र्र्र्र —

ईस्टर झाल्यावर जुना फ्रीज गेला. चार माणसांनी उचलला. लाझारोस हातगाडीबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. नवा भिंतीशी उभा होता, त्याचा हिरवा दिवा लागला होता.

—          —

"आसिमिनाऽऽ! दोन मध्यम!"

आवाज रिकाम्या दुकानात ताट आपटावं तसा आपटला. बाहेरच्या खुर्चीवरचं मांजर उडी मारून पळालं. लाझारोस स्वतःच दचकला. जुन्या फ्रीजच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून दोघं इतकी वर्षं असंच ओरडत आली होती. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, नवराबायको भांडतात.

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथून, अगदी हळू, म्हणाला, "आसिमिना."

आणि पुढे काय सांगायचं होतं ते विसरला.

तिनं आच बारीक केली. "ऐकू येतंय," ती म्हणाली. "बोल."