मेणाचे ठिपके

वन्संनी साफसफाईसाठी सहा रंगांच्या सहा बाटल्या आणायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, एकही नको. खायचा सोडा, व्हिनेगर, मीठ, पिळलेल्या लिंबाच्या साली, रद्दी आणि सासऱ्यांचे फाटके बनियन, एवढ्यावर मी अख्खं घर लखलखीत करून दाखवते. वन्संनी नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या. माझी ही थोरली नणंद एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. पैज लावायला तिला आवडतं, हरायला तेवढं आवडत नाही.

घर सासऱ्यांचं होतं. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात, आणि गेल्या वर्षभरात घराची पार रया गेली होती. आता बाबांनी आपल्याकडे राहायला यावं, असा वन्संचा धोशा होता. बाबांना जायचं नव्हतं. बरंच ताणल्यावर तह झाला तो असा: आम्ही दोघींनी येऊन घर साफ करायचं आणि संध्याकाळी बाबांनी कुणाच्याही मदतीशिवाय आम्हाला चहा करून पाजायचा. नीट जमलं तर ते इथेच राहतील. नाही जमलं तर वन्संनी आणलेली बॅग भरायची आणि त्यांच्याबरोबर निघायचं.

ज्या बापाने हात धरून चालायला शिकवलं त्याची चहाची परीक्षा घ्यायची, हे मला पटलं नव्हतं. पण मी पडले सून. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि नवऱ्याचं विचारलं तेव्हा त्याने ऑफिसचं काम पुढे करून काढता पाय घेतला.

कामाची वाटणी झाली. वन्संनी बाहेरची खोली आणि खिडक्या घेतल्या, मी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सिंकमध्ये सोडा भुरभुरवून वरून व्हिनेगर ओतलं की जो फेस येतो तो मला आजही बघावासा वाटतो. नळावरचे पांढरे डाग लिंबाच्या सालीने गेले, करपलेला तवा मिठाने. बाहेर वन्सं ओल्या रद्दीने काचा पुसत होत्या आणि हे खरंच निघतं की गं, असं स्वतःशीच पुटपुटत होत्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिंकलेल्या माणसाला एवढा मोठेपणा परवडतो.

वैताग आणला तो मेणाने. जिथे बघावं तिथे मेणबत्तीचे थेंब सांडलेले. डब्यांच्या झाकणांवर, गॅसच्या बटणावर, गरम पाण्याच्या नळावर, औषधांच्या बाटल्यांवरसुद्धा. मी वन्संनाही हाक मारून ते दाखवलं. हा माणूस पेटती मेणबत्ती घेऊन घरभर हिंडतो की काय, असं मनात आलं. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून आणि जुन्या चमच्याने खरवडून मी एकूण एक थेंब काढला. डबे घासले, पुसले, फळीवर उंचीप्रमाणे ओळीत लावले. बाबा दाराशी खुर्चीत बसून होते. एकदाच त्यांनी विचारलं, डब्यांना हात लावलास का. मी म्हटलं, आरशासारखे केलेत. ते डोळे मिटून मागे टेकले. दमले असतील असं मी धरून चालले.

संध्याकाळी बाबा उठले. वन्सं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या, वर्गात पेपर वाटून झाल्यावर बसतात तशा. मी दारात उभी राहिले.

भांडं, पाणी, दूध, पावडर, सगळं व्यवस्थित झालं. गॅस पेटवताना त्यांचा अंगठा बटणावर जरा जास्त फिरला. मग त्यांनी फळीवर हात नेला. स्टीलचे दोन सारखे डबे होते, एक साखरेचा, एक मिठाचा. एकाच्या झाकणावर त्यांनी बोट फिरवलं. दुसऱ्याच्या झाकणावर फिरवलं. पुन्हा पहिल्यावर आले.

ते मेण सांडलेलं नव्हतं, लावलेलं होतं. बाबांना दिसत नव्हतं. निदान डबा ओळखण्याइतकं तरी नाहीच, आणि हे त्यांनी आम्हा सगळ्यांपासून लपवलं होतं. हातांनी चालणारं त्यांचं घर मी सकाळपासून कौतुकाने खरवडून काढलं होतं.

मी बोलले असते तर परीक्षा तिथेच संपली असती. गप्प बसले तर निदान अर्धी आशा होती. डब्यातलं चिमटीत घेऊन बघितलं असतं तरी त्यांना कळलं असतं, पण लेक समोर बसलेली. खरं सांगायचं तर डबे उघडल्याशिवाय मलाही ओळखता आले नसते, इतके मी ते सारखे चमकवले होते. बाबांनी एक डबा उचलला आणि चहात तीन चमचे टाकले.

त्यांनी तीन कप भरले, एकही थेंब न सांडता. पहिला कप वन्संच्या हातात दिला. वन्संनी घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"छान झालाय, बाबा."

मी घोट घेतला. निव्वळ मिठाचं पाणी. मी वन्संकडे पाहिलं. त्या तो चहा पीत होत्या. एक घोट, मग दुसरा, थांबत नव्हत्या. इतकी वर्षं मी या बाईला दगड समजत आले होते, आणि त्या क्षणी मला तिला मिठी मारावीशी वाटली.

मग बाबांनी आपला कप तोंडाला लावला. घोट गिळला आणि कप खाली ठेवला.

"चिमणे, बॅग आण," ते लेकीला म्हणाले. "खोटं बोलून मला पास करू नकोस. मला दिसत नाही गं."

आता वन्सं रडतील असं मला वाटलं. त्यांनी उरलेला चहा सिंकमध्ये ओतला आणि कप विसळून पालथा घातला.

"बॅग राहू दे," त्या म्हणाल्या. "साखरेला किती ठिपके होते?"

बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "एक. मिठाला दोन."

"आणि गॅसला?"

"बंदला एक. बारीकला शेजारी शेजारी दोन."

वन्संनी फळीमागची मेणबत्ती शोधली, पेटवली आणि माझ्या हातात दिली. बटण त्यांनी धरलं, मी मेण टाकलं. मग डबे झाले, नळ झाला, औषधांच्या बाटल्या झाल्या. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आणि यापुढे दर रविवारी आपण स्वतः येणार, हे वन्सं बाबांना मधेमधे दटावून सांगत होत्या. दिवसभर घासलेलं घर आम्ही दोघींनी मिळून पुन्हा घाण केलं. बाबा आमच्या मागोमाग येत प्रत्येक ठिपक्यावर अंगठा फिरवून बघत होते.

"हा फार पसरलाय," ते मला म्हणाले. "खरवड आणि पुन्हा लाव."