पाठीमागचे हूक

गौरवीला पणजीच्या कॉलेजात डिझाइन शिकायला घातली, तेव्हा मला वाटलं होतं पोर रांगोळ्या काढील, फार तर साड्यांचे काठ. पण गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत ती पेडण्याला घरी आली आणि शेजारपाजारचे रॉकेलचे रिकामे डबे गोळा करत सुटली. पाचशे वर्षांनंतरचा माणूस काय घालील, ते घरातल्या वस्तूंतून करून आणा, असं सरांनी सांगितलं होतं म्हणे. परीक्षेचे मार्क त्यावरच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी फराळाला जुंपलेली, आणि ही माझ्या पातेल्यात खळ शिजवून त्यात वर्तमानपत्रं भिजवतेय.

बघता बघता मागच्या खोपीत एक राक्षस उभा राहिला. छातीला पत्रा, कागदाचं चंदेरी डोकं, मोटारसायकलच्या लाल काचांचे डोळे. आत शिरून पाठ भिंतीला दाबली की मागचे हूक आपोआप लागायचे. काढायला मात्र दुसरं माणूस हवं. ते दुसरं माणूस म्हणजे मी. आतून ती कितीही ओरडली तरी बाहेर नुसतं म्हशीनं रेकल्यासारखं ऐकू यायचं.

"आये, फाल्यां फांतोडेर घालून बघतंय," ती आदल्या संध्याकाळी म्हणाली. पहाटेच्या काळोखात लाल डोळे चमकतात का, ते तिला बघायचं होतं. "हांव साद घालीन. हूक काडूक यो हां."

"दुसरा काम ना माका," मी म्हटलं.

चतुर्दशीच्या पहाटे मी फोवांना फोडणी घालत होते. आमच्याकडे त्या दिवशी पोह्यांचेच पाच प्रकार, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. एवढ्यात मागच्या दारी वाड्यावरची पोरं आली. कोकणी-मराठीच्या भांडणात एकमेकांची तोंडं न बघणारी ही पोरं, पण जाळायचा नरकासुराचा पुतळा मात्र एकत्र करायची. पुढे बाबली होता.

"काकी, पावसान आमच्या नरकासुराचा तोंड व्हावान गेला. गौरवीचो राक्षस दी मगो."

"व्हरा, व्हरा! घरातली पिडा जांव दी एकदाची!" मी चुलीवरून मान वर न करता ओरडले.

"जड आसा रे, सांबाळून," खोपीतून कोणीतरी म्हणालं. मग ताशे वाजू लागले आणि पोरं चव्हाट्याच्या दिशेनं गेली.

गौरवीच्या आंघोळीचं पाणी कढलं तशी मी तिला हाका मारल्या. मी अंगणात डोकावले. तुळशीपुढे आमची कारिटं, ती कडू रानफळं, मांडली होती. आंघोळ झाली की ज्यानं त्यानं आपलं कारीट अंगठ्यानं चिरडायचं. माझं आणि ह्यांचं चिरडलेलं होतं, गौरवीचं अजून हिरवंगार. अंथरूण रिकामं. मी खोपीत गेले. दाराशी तिच्या चपला होत्या. चपला सोडून ती कुठे जाईल?

जड आसा रे.

ती आत होती. तिनं साद घातली असणार आणि मी फोडणीच्या चुरचुरीत ऐकली नव्हती. आता ताशांत कोण ऐकणार? सूर्य उगवायच्या आत नरकासुर जाळतात. आणि पूर्वेला उजाडू लागलं होतं.

मी धावले. पदर कुठे, केस कुठे, कशाचं भान नव्हतं. वाटेत एका वाड्यावर नरकासुर भडकला होता, आतले फटाके फुटत होते, पोरं टाळ्या पिटत होती. देवा, माझं लेकरू, एवढंच तोंडात येत होतं.

चव्हाट्यावर माणसांच्या डोक्यांवरून ते चंदेरी डोकं दिसलं. शेजारी गवताचा ढीग, आणि बाबलीच्या हातात पेटती चूड.

"पेटव नकात रे! माझां चेडू आत आसा!"

ताशांत कोणी ऐकलं नाही. मी लोकांना ढकलून पुढे घुसले आणि त्या राक्षसाच्या गळ्यात पडले. हूक शोधायला बोटं थांबली नाहीत. मी डोकं उपटलं, छातीचा पत्रा दोन्ही हातांनी ओढला, सांध्यांत फाडला. हातांतून रक्त वाहू लागलं. आत नुसत्या बांबूच्या काड्या होत्या.

"आये! कितें करतंस गो!"

गौरवी गर्दीतून अनवाणी पुढे आली. पोरं तिचा राक्षस उचलून नेताना बघून ती तशीच मागे धावली होती. फक्त मिरवायचा, जाळायचा नाही, जाळायचं ते पोरांच्या नरकासुराचं गवताचं धड, असं तिनं बाबलीकडून कबूल करून घेतलं होतं. जड म्हणजे राक्षसाच्या पावलांतली रेती, उभा राहावा म्हणून तिनं संध्याकाळीच भरलेली. मी तिच्या थोबाडात एक ठेवून दिली. मग तिला इतकी घट्ट धरली की तीच म्हणाली, "सोड, श्वास कोंडता."

आम्ही घरी आलो. राक्षसाचे तुकडे पोरांनी मागून आणून टाकले. तिनं आंघोळ केली, कारीट चिरडलं, माझ्या बोटांना हळद लावून चिंध्या बांधल्या. फाटका पत्रा मांडीवर घेऊन ती सांधे चाचपू लागली.

"हूक होते मगो, आये. फाडलंस कित्याक?"

"हूक काडूक वेळ खंय होतो?"

तिनं एक हूक उघडून बघितला. मग म्हणाली, "माणूस आपलो आपण भायर येवक जाय. चुकलां थंयच."

सुट्टी संपेपर्यंत तिनं पत्रा पुन्हा जोडला. सांधे वेडेवाकडे दिसत होते. हूक मात्र पुढे, छातीवर आले. निघायच्या दिवशी ती माझ्यासमोर आत शिरली. "हांव हात लावचंय ना," मी म्हटलं आणि हात मांडीखाली दाबून बसले. आत खुडबुड झाली. एक हूक अडकला. तरी मी उठले नाही. मग तो सुटला, चंदेरी डोकं वर गेलं आणि खाली गौरवीचा घामेजलेला, हसरा चेहरा दिसला.

मला रडू कोसळलं. डोळे पुसले आणि म्हटलं, "परत घाल. परत भायर येवन दाखय."