भिंतीने धरलेला गुन्हेगार

"उमटला! उमटला!" अशी आरोळी उठली आणि फाशीकोठडीच्या दाराशी एकच झुंबड उडाली. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पंजाचा लालभडक ठसा उमटला होता. ज्या बाईचा तो पंजा होता, ती हात छातीशी धरून ढसाढसा रडत होती, आणि बाकीचे पर्यटक फोटो काढायला एकमेकांच्या अंगावर चढत होते.

बेटावरचा हा तुरुंग बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. लाँचने सहली यायच्या, कोठड्या बघायच्या, हळहळायच्या आणि परत जायच्या. पण दोन वर्षांपासून गर्दी लोटत होती ती साक्षीबाबासाठी. अंगात कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा डगला, गळ्यात फाशीच्या दोराचा तुकडा. असला दोर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण विचारतो कोण?

"इथे चाळीस निरपराध लटकले!" बाबा गर्जत होता. "त्यांचं रक्त चुन्याखाली जागं आहे! पवित्र पाण्याने हात धुवा, भिंतीला टेका. ज्याच्या हातून किंवा ज्याच्या घराण्याच्या हातून पाप घडलंय, त्याला भिंत सोडणार नाही!"

हे जागे आत्मे फक्त लाँचच्या वेळेत जागे असत, आणि सोमवारी तुरुंग बंद म्हणून त्यांनाही सुट्टी असे. ज्याचा हात लाल होई त्याने बाबाच्या पेटीत नोटा टाकून शांती करून घ्यायची, की आत्मे गप्प.

रांगेत सिस्टर उभी होती. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली नर्स, घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. सोबत तिचे सासरे अण्णा. तरुणपणी ते याच तुरुंगात तीन वर्षं शिपाई होते. त्या दिवसांबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता, पण आज लाँचवर तिकीटवाल्यापाशी मात्र त्यांची जीभ सैल सुटली. धक्क्यावर उतरताच तो तिकीटवाला बाबाच्या कानाला लागलेला सिस्टरने पाहिला होता.

अण्णांची पाळी आली. बाबाच्या दोन्ही हातांत दोन सुरया होत्या. मघापासून तो बहुतेकांच्या हातावर उजवीतलं पाणी ओतत होता. अण्णांसाठी डावी कलली. सिस्टरच्या नाकाला ओळखीचा वास आला. पवित्र पाण्याला स्पिरिटचा वास कसा, असं तिच्या मनात येईपर्यंत अण्णांनी भिंतीला हात टेकला. लाल.

"शांती कर, म्हाताऱ्या."

"कसली शांती?" अण्णा जुन्या शिपायाच्या आवाजात खेकसले. "पोट जाळायला दुसरा धंदा मिळाला नाही का तुला?"

बाबाचा चेहराच बदलला. "लोकहो, हा इथला शिपाई होता! विचारा त्याला, कितीजणांची चामडी सोलली!"

अण्णांची मान खाली गेली, आणि लोकांना तेवढं पुरलं.

पहिली थप्पड मघाशी रडणाऱ्या बाईनेच मारली. मग कुणीतरी पाण्याची भरलेली बाटली फेकली, ती अण्णांच्या कपाळावर बसली. त्यांना ओढत पायऱ्यांवरून अंगणात नेलं. तिथे फटके मारण्याची जुनी लाकडी चौकट पर्यटकांना बघायला ठेवली होती, आणि बाजूला खुंटीवर आसूड. कॅमेऱ्यांच्या पट्ट्यांनी, ओढण्यांनी अण्णांचे हात चौकटीला आवळले. लहान मुलीला कडेवर घेऊन सकाळपासून कोठड्या दाखवत हिंडणारा एक बाप पुढे झाला. त्याने मुलगी बायकोकडे दिली, आसूड उचलला आणि ओढला. सदरा फाटला. दुसऱ्या फटक्याला पाठ फाटली. अण्णांचा एक दात पायरीवर पडला होता, त्याचाही कुणीतरी फोटो काढला.

सिस्टर मध्ये घुसली तर तिला कोपराने ढकललं. ती आपटली. किंचाळून कुणी ऐकणार नाही हे तिला उमगलं. ती उठली, कोठडीत धावली, बाबाने खाली ठेवलेली डावी सुरई उचलली, अंगणात परतली आणि आसूडवाल्याचं मनगट असं पिरगाळलं, की आसूड गळून पडला. थिएटरमध्ये याहून आडदांड पेशंट तिने आवरले होते. त्याच्या हातावर तिने सुरई कलती केली, दरादरा ओढत त्याला कोठडीतल्या भिंतीपाशी नेलं आणि मागोमाग आलेल्या गर्दीदेखत त्याचा पंजा चुन्यावर दाबला.

लालभडक!

"बांधा आता यालाही!" ती ओरडली. तिने स्वतःचा ओला हात दाबला. लाल! "मलाही बांधा! बाबा, आता तुमचा हात!"

बाबाने दोन्ही हात डगल्यात खुपसले.

"बाकीच्या कोठड्यांतले पोपडे बघा, आणि ही भिंत बघा. ओली आहे! रोज सकाळी हिला ताजा चुना लागतो. जुना चुना कामाचा नाही. आणि सुरईत आहे स्पिरिटमध्ये विरघळवलेलं फिनॉल्फ्थॅलिन. ताज्या चुन्याला लागलं की लाल. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांतही घालायचे!"

म्हणजे चाळीस आत्मे इतके दिवस जुलाबाच्या औषधातून बोलत होते!

तिने कुणाच्या तरी हातातलं लिंबू सरबत हिसकावलं आणि आसूडवाल्याच्या लाल तळव्यावर ओतलं. रंग क्षणात गेला. उरलेलं तिने अंगणात येऊन अण्णांच्या सदऱ्याच्या रक्ताळलेल्या टोकावर ओतलं. "हा जातोय का बघा. हे रक्त आहे. हे तुम्ही काढलंत."

मग कुणीतरी "मारा भोंदूला!" म्हणालं आणि तेच हात बाबाच्या गळ्याकडे वळले. सिस्टर आडवी उभी राहिली. "त्यालाही नाही! पोलिसांना फोन लावा. सुरई सांभाळून ठेवा, तोच पुरावा आहे."

तिने गाठी सोडल्या. अण्णा पायरीवर बसले, तोंडातलं रक्त थुंकले आणि कुणी न विचारता म्हणाले, "मी मारलंय. याच चौकटीवर. सात जणांना. एक त्याच रात्री गेला. वहीत तापाने मेला असं लिहिलं, खाली मी सही केली."

सिस्टरचा हात त्यांच्या पाठीवरच थांबला. या माणसाच्या हातून तिची मुलं वाढली होती. मग तिने रुमाल घडी करून जखमेवर दाबून धरला.

"बघा!" बाबा ओरडला. "भिंत खरं बोलली!"

"भिंत काही बोलली नाही," सिस्टर म्हणाली. "तुला तिकीटवाल्याने सांगितलं. यांनी मारलं, ते आता यांच्याच तोंडून कळलं. वही शोधू, मेलेल्याच्या घरच्यांना शोधू, यांना कोर्टात उभं राहावं लागलं तर मी घेऊन जाईन. पण मघाशी तुम्हा सगळ्यांना यातलं काय ठाऊक होतं? डावी सुरई कुणाच्याही हातावर ओतली असती, तर तुम्ही त्यालाही इथेच बांधलं असतं. कुणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, हे झालं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत हात आवरा."

आसूडवाला बाप आपला स्वच्छ झालेला तळवा उलटसुलट करून बघत होता. त्याची मुलगी आईच्या खांद्याआडून त्याच्याकडे बघत होती. त्याने तिला घ्यायला हात पुढे केले, आणि ती येईना.